रात्रभर चालणारा संगणक आणि बंद खिडकी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. लालबागचे एक गृहस्थ क्षयरोगाच्या उपचारांसाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येत होते. दोन महिने औषधे नियमित घेतली होती, थुंकीचा अहवालही सुधारला होता, पण वजन काही केल्या वाढत नव्हते. झोप लागत नाही, घरात फार उकडते, अशी तक्रार होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘खोलीची खिडकी उघडी ठेवता ना?’’ ते गप्प बसले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीने सांगितले, ‘‘मुलाचा कम्प्युटर खिडकीपाशी आहे. समोर इमारतीचं काम चाललंय, धूळ येते म्हणून तो खिडकी लावून घेतो. आणि ते मशीन रात्रंदिवस चालू असतं, मॅडम.’’

पुढच्या खेपेला मी मुलाला बोलावून घेतले. तेवीस-चोवीस वर्षांचा, हुशार, बोलका. मला वाटले होते की खेळ खेळत असेल. तो म्हणाला, ‘‘नाही मॅडम, मी विज्ञानाला मदत करतो. माझा कम्प्युटर शास्त्रज्ञांची गणितं सोडवतो. त्यात औषधांवरचं संशोधनही असतं. आणि त्याचे कॉइन मिळतात.’’ मशीन हप्त्यावर घेतले होते. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे, एक क्षयरुग्ण, एक तापलेले यंत्र आणि बंद खिडकी.

त्या मुलाला मी रागावले नाही. तो जे सांगत होता त्यातले बरेचसे खरे होते. काय खरे आणि काय फसवे, हे वेगळे करून सांगणे मात्र गरजेचे होते. असे प्रश्न आता इतर घरांतूनही येऊ लागले आहेत, म्हणून हा लेख.

आधी मूळ कल्पना पाहू. आपल्या घरातला संगणक दिवसाचा बराच काळ रिकामा बसलेला असतो. दुसरीकडे शास्त्रज्ञांपुढे अशी प्रचंड आकडेमोड असते, की ती एका यंत्रावर करायची तर आयुष्य पुरणार नाही. मग ते काम लहान लहान तुकड्यांत वाटायचे, इंटरनेटवरून हजारो लोकांच्या संगणकांना पाठवायचे आणि उत्तरे परत गोळा करायची. १९९९मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून ‘सेटी ॲट होम’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींमध्ये परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेण्यासाठी लाखो लोकांनी आपले संगणक दिले. पुढे त्याच विद्यापीठात ‘बॉइंक’ ही सामाईक प्रणाली तयार झाली आणि हवामान, खगोलशास्त्र, गणित, औषधे अशा अनेक विषयांचे प्रकल्प तिच्यावर चालू लागले.

आपल्याकडे ही कल्पना परकी वाटू नये. १९९१मध्ये पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जोडून, त्यांच्यात काम वाटून. फरक एवढाच की परममधले प्रोसेसर एका छताखाली होते. इथे ते जगभरच्या घराघरांत विखुरलेले असतात.

वैद्यकशास्त्राला याचा उपयोग काय? आपल्या शरीरातली आणि जंतूंमधली बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती विशिष्ट पद्धतीने घडी घालून बसते आणि त्या घडीवर तिचे काम ठरते. औषध हे बहुधा अशा घडीतल्या एखाद्या खाचेत जाऊन अडकते आणि जंतूचे काम बंद पाडते. पण प्रथिन काही दगडासारखे स्थिर नसते. ते सतत हलते, उघडते, मिटते. ही हालचाल संगणकावर दाखवायची तर क्षणाच्या अतिसूक्ष्म भागांत प्रत्येक अणू कुठे सरकेल याचा हिशेब मांडावा लागतो. २०००मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून सुरू झालेला ‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प हेच करतो.

२०२०च्या मार्च महिन्यात करोनाची साथ पसरली आणि जगभरातल्या लोकांनी आपले संगणक या प्रकल्पाला जोडायला सुरुवात केली. सहभागी झालेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. त्या सगळ्या संगणकांची मिळून ताकद त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकापेक्षाही जास्त झाली. विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटेरी प्रथिन कसे उघडते आणि त्याच्या इतर प्रथिनांत औषधाला शिरता येईल अशा लपलेल्या खाचा कुठे आहेत, याचा नकाशा त्यातून मिळाला. हे काम नामांकित शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले आणि त्याची माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली. त्या लोकांना कोणी एक रुपयाही दिला नव्हता.

त्याच वर्षी लालबागमध्ये काय घडले, हेही आठवावे. लालबागचा राजा मंडळाने गणेशमूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला. अकरा दिवस रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे चालली. परळच्या आसपास राहणाऱ्या, काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना ते दिवस विसरता येत नाहीत. रक्ताचा तुटवडा असताना माणसे मुखपट्ट्या लावून, अंतर राखून रांगेत उभी होती. संगणक देणारा आणि रक्त देणारा, दोघेही आपल्याजवळचे काहीतरी अनोळखी माणसासाठी देत होते.

आता नाण्यांकडे वळू. त्या मुलाला मिळत होते ते ‘ग्रिडकॉइन’. हे चलन २०१३मध्ये सुरू झाले. बिटकॉइनसारख्या चलनांवर एक जुना आणि रास्त आक्षेप आहे. नवी नाणी मिळवण्यासाठी जगभरातली यंत्रे अहोरात्र आकडेमोड करतात, भरमसाट वीज खातात, आणि त्या आकडेमोडीचा त्या चलनाची वही सुरक्षित ठेवण्यापलीकडे कोणालाही उपयोग नसतो. ग्रिडकॉइन काढणाऱ्यांनी विचार केला, की वीज जळणारच असेल तर ती विज्ञानासाठी जळू दे. बॉइंकवरच्या मान्यताप्राप्त प्रकल्पांसाठी तुमच्या संगणकाने किती काम केले, याची नोंद प्रकल्प ठेवतातच. त्या नोंदीच्या प्रमाणात नाणी द्यायची. विचार म्हणून मला हा चांगलाच वाटतो.

पण नाणी देतो कोण, हे नीट समजून घ्यायला हवे. मी विचारले तेव्हा त्या मुलाचा समज होता की शास्त्रज्ञ किंवा विद्यापीठे पैसे देतात. तसे नाही. ही नाणी चलनाचे जाळे स्वतःच नव्याने तयार करते. प्रकल्प चालवणारा शास्त्रज्ञ त्यात एक पैसा घालत नाही. त्या नाण्याला रुपयांत किंमत येते ती कोणीतरी ते विकत घ्यायला तयार असेल तरच. म्हणजे तुमच्या कामाचे मोल कितीही खरे असले, तरी नाण्याचे मोल बाजारातल्या अनोळखी खरेदीदाराच्या लहरीवर ठरते. काम तेवढेच राहून दाम दहापट वाढू शकतो आणि दहापट घसरूही शकतो. ग्रिडकॉइनच्या बाबतीत बराच काळ एका नाण्याला एक रुपयासुद्धा मिळालेला नाही.

आम्ही दोघांनी बाह्यरुग्ण विभागातल्याच एका कागदाच्या मागे हिशेब मांडला. ग्राफिक्स कार्ड असलेला त्याचा संगणक पूर्ण ताकदीने चालताना साधारण ३०० वॉट वीज घेतो असे धरू. २४ तासांत ७.२ युनिट. महिन्याला २१६ युनिट. मुंबईत बेस्टच्या बिलात वापर वाढला की वरचा स्लॅब लागतो, हे आपल्याला माहीत आहेच. १०० युनिटांच्या आत राहणारे घर एकदम ३०० युनिटांच्या आसपास जाते. युनिटला सरासरी आठ रुपये धरले तरी महिन्याला १,७२८ रुपये फक्त त्या यंत्राचे. शिवाय पंखा जास्त चालतो तो वेगळा, आणि यंत्राचा हप्ता वेगळा. मिळालेली नाणी विकली तर किती येतील? त्याने मोबाइलवर आकडा काढला आणि थोडा वेळ काही बोलला नाही.

कराचाही भाग आहे. १ एप्रिल २०२२पासून आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीवरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का रक्कम आधीच कापली जाते. २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये रद्द केले. पण रद्द झाले म्हणजे हे चलन रुपयासारखे झाले, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच्या मागे कोणतीही बँक किंवा सरकार उभे नाही.

हे झाले पैशांचे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. दान म्हणून सुरू झालेल्या गोष्टीला दाम लागला की तिचे काय होते?

माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी याचे उत्तर प्रत्यक्ष पाहिले आहे. मी निवासी डॉक्टर होते तो काळ नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धाचा. तेव्हा रक्त विकत मिळत असे. रुग्णालयांच्या आसपास ठरलेली माणसे उभी असत. नातेवाईक घाबरलेले असले की दलाल बरोबर हेरत. आलेला ‘दाता’ कधी इतका फिकट असे की त्यालाच रक्त चढवायची वेळ यावी. मागच्या आठवड्यातच दुसरीकडे रक्त दिले आहे, गेल्या वर्षी कावीळ झाली होती, हे तो सांगत नसे. कारण खरे सांगितले तर त्या दिवशीचे पैसे बुडत. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता; घरी चूल पेटवायची होती. पण त्या रक्ताची किंमत कधी कधी रुग्ण मोजत असे. जानेवारी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आली. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात १९७०मध्येच हा मुद्दा मांडला होता. रक्ताची खरेदी-विक्री सुरू झाली की रक्ताचा दर्जा घसरतो आणि देण्याची वृत्तीही आटते, असे त्याचे म्हणणे होते.

संगणकाच्या आकडेमोडीतून कावीळ पसरत नाही, हे मान्य. पण प्रवृत्ती तीच असते. कामाच्या नोंदीला पैसा चिकटला की नोंद वाढवण्याच्या युक्त्या शोधल्या जातात. म्हणूनच यातले अनेक प्रकल्प एकच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना देतात आणि उत्तरे जुळली तरच काम मान्य करतात. दुसरा परिणाम जास्त सूक्ष्म आहे. ग्रिडकॉइनच्या रचनेत बक्षिसाचा वाटा मान्य प्रकल्पांत समान विभागला जातो. म्हणजे ज्या प्रकल्पात माणसे कमी, तिथे एकेकाला जास्त मिळते. याची चांगली बाजू अशी, की दुर्लक्षित प्रकल्पाकडेही लोक वळतात. पण मग माणूस ‘कोणते काम महत्त्वाचे आहे’ असे न विचारता ‘कुठे जास्त सुटते’ असे विचारू लागतो. मी त्या मुलाला विचारले, ‘‘सध्या तुझा कम्प्युटर कशावर काम करतोय?’’ त्याला ते सांगता आले नाही. नाणी किती जमली, ते मात्र दशांशासकट पाठ होते.

मग बक्षीस नकोच का? असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याकडे वातानुकूलित घर आणि भरलेला खिसा आहे त्यानेच फक्त विज्ञानाला मदत करावी, हेही बरोबर नाही. वैद्यकीय संशोधनात आम्ही यासाठी एक रेघ आखतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, वेळेचा मोबदला देता येतो. पण रक्कम इतकी नसावी, की तिच्या मोहाने माणूस धोका नजरेआड करील. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेत २०१८पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. ते औषध घेण्याचे बक्षीस नव्हे, अन्नाला आधार आहे. त्याच न्यायाने संगणक देणाऱ्याच्या वीजबिलाची भरपाई झाली तर त्यात वावगे काही नाही. भरपाई आणि कमाई यांतला फरक मात्र त्याला कळलेला असावा. ‘घरबसल्या उत्पन्न’ म्हणून कोणी ही गोष्ट तुमच्या मुलांच्या गळ्यात मारत असेल, तर सावध व्हा.

आणखी एक प्रश्न त्या मुलाच्या वडिलांनीच विचारला. ‘‘मॅडम, हा एवढं करतो, तर माझ्या टीबीवर काही निघेल का त्यातून?’’

प्रश्न साधा होता, उत्तर लांबचे होते. क्षयाचा जंतू चिवट असतो त्याचे एक कारण म्हणजे त्याच्या भोवतीचे मेणचट कवच. त्या कवचातली मायकोलिक आम्ले कशी रचलेली असतात हे समजून घेण्यासाठी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१६मध्ये जागतिक क्षयरोग दिनी ‘हेल्प स्टॉप टीबी’ हा प्रकल्प अशाच लोकांच्या संगणकांवर सुरू केला होता. भारतातही २००८मध्ये सीएसआयआरने खुल्या औषधशोधाचा उपक्रम काढला, आणि क्षयजंतूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती लावण्याच्या कामात देशभरातले विद्यार्थी स्वेच्छेने सहभागी झाले. हे सगळे पायाचे काम आहे. संगणक हजारो रेणूंतून काही निवडून देतो. पुढे ते प्रयोगशाळेत, प्राण्यांत, मग माणसांत तपासावे लागतात. त्याला वर्षे जातात आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. शिवाय प्रथिनांची घडी ओळखण्याच्या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठी झेप घेतली आहे. २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच विषयासाठी मिळाले. घरच्या संगणकांची गरज संपलेली नाही, पण तिचे स्वरूप बदलते आहे. सेटी ॲट होमनेही मार्च २०२०मध्ये नवे काम वाटणे थांबवले.

मग त्या वडिलांसाठी आज काय? त्याचेही उत्तर विज्ञानाकडे आहे आणि ते आपल्याच देशातून आले आहे. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना महिन्याचा शिधा आणि जीवनसत्त्वे दिली गेली. ज्या घरांत असा शिधा गेला तिथे घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या क्षयाबाबत ही घट ४८ टक्के होती. रुग्णाचे वजन सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढले तर मृत्यूचा धोकाही घटतो, असे त्याच प्रयोगात दिसले. २०२३मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डाळ, तांदूळ, दूध पावडर, तेल. यात संगणक फक्त हिशेब करायला लागला.

महिन्याचे ते १,७२८ रुपये मी पुन्हा कागदावर लिहिले आणि शेजारी अंडी, डाळ, शेंगदाणे यांचे भाव लिहिले. मुलाला जास्त सांगावे लागले नाही. खिडकीचेही समजावले. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. औषधे नियमित सुरू झाली की रुग्णापासूनचा संसर्ग लवकर कमी होतो, तरी घरात खेळती हवा ही आई आणि धाकट्या बहिणीसाठी गरजेची आहे. त्या दोघींची तपासणी झाली का, असे विचारल्यावर कळले की राहून गेली होती. ती त्याच आठवड्यात करून घेतली. दोघींना क्षय नव्हता. प्रतिबंधक औषधे सुरू केली.

ज्यांना खरोखर आपला संगणक विज्ञानासाठी द्यायचा आहे त्यांना मी नको म्हणणार नाही, उलट जरूर द्या म्हणेन. थोडी पथ्ये पाळावीत. आहे तोच संगणक वापरावा. यासाठी कर्ज काढून यंत्र घेऊ नये. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा वापर अर्ध्यावर आणता येतो, ठरावीक तासच चालवता येतो, तो पर्याय वापरावा. प्रकल्प कोणत्या विद्यापीठाचा आहे, त्याचे निष्कर्ष खुले असतात का, हे वाचून मगच निवड करावी. सॉफ्टवेअर मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. ऑफिसच्या, बँकेच्या आणि विशेषतः रुग्णालयाच्या संगणकावर परवानगीशिवाय असे काही टाकू नये. तिथे रुग्णांची माहिती असते. नाणी मिळालीच तर ती घरखर्चात धरू नयेत.

माझी एक सूचना महाविद्यालयांना आणि मंडळांनाही आहे. संगणक प्रयोगशाळा संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. जागा मोकळी, हवेशीर, वीजबिल संस्थेचे. प्राचार्यांच्या परवानगीने, शिक्षकांच्या देखरेखीखाली एखादा प्रकल्प निवडून वर्षभर चालवला, त्यातले विज्ञान विद्यार्थ्यांना शिकवले, तर त्या आकडेमोडीला आणि त्या मुलांच्या शिक्षणालाही अर्थ येईल. परळला ही परंपरा नवी नाही. १८९७च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळला आली आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी, हे आज आपण नक्की विचारू, आणि विचारायलाच हवे. देणाऱ्याला पूर्ण माहिती असावी आणि त्याच्यावर दडपण किंवा मोह नसावा, हे आपण अशाच अनुभवांतून शिकलो.

तो मुलगा आता संगणक रात्री बंद ठेवतो. टेबल खिडकीपासून हलवले आहे, खिडकीला धुळीसाठी बारीक जाळी बसवली आहे. कॉलेजातल्या जुन्या सरांशी बोलून प्रयोगशाळेत एखादा प्रकल्प सुरू करता येईल का, ते तो पाहतो आहे. नाण्यांचे काय केलेस, असे मी विचारले नाही. वडिलांचे वजन मागच्या महिन्यात सव्वा किलो वाढले होते.